तिकिटावरील हत्ती आणि कामठीचा कोळसा

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या सरकारी खात्याची स्थापना १८५१ मध्ये झाली. देशातील कोळशाचा शोध घेणे हे त्याच्यापुढील पहिले मोठे कार्य होते. खात्याच्या शताब्दीनिमित्त १३ जानेवारी १९५१ रोजी दोन आण्यांचे टपाल तिकीट काढण्यात आले. अशा तिकिटावर खाण किंवा कुदळ असावी, असे कोणासही वाटेल. परंतु त्यावर अतिशय लांब सुळ्यांचा, हत्तीसारखा प्राणी चितारलेला आहे. हा लाखो वर्षांपूर्वी नामशेष झालेला ‘स्टेगोडॉन गणेश’ होय. त्याचे जीवाश्म शिवालिक टेकड्यांत सापडले.

खनिजे शोधणाऱ्या खात्याच्या तिकिटावर हा प्राणी कशासाठी? भूमीचे थर एकावर एक साचत जातात आणि त्या त्या काळचे प्राणी व वनस्पती त्यांत दगडरूपाने उरतात. जीवाश्म ओळखला की थराचा काळ कळतो. काळ कळला की त्याच्या वर-खाली काय असावे, याचा अदमास बांधता येतो.

याचे उदाहरण नागपूर जिल्ह्यातच आहे. १८४५ मध्ये नागपुरास आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी कामठीजवळील सिल्लेवाडा येथून दगडांतील पानांचे ठसे जमविले. त्यांत ग्लोसोप्टेरिस या वनस्पतीची जिभेच्या आकाराची पाने होती. ही वनस्पती २५ कोटी वर्षांहून जुनी. आपल्या देशातील बहुतेक कोळसा त्याच युगातील वनांपासून बनला. येथील वालुकाश्मास पुढे ‘कामठी’ हेच नाव मिळाले. कोळसा मात्र त्याखालील ‘बराकर’ थरांत दडलेला आहे. वरून पाहणाऱ्यास तो दिसत नाही. जमिनीत खोल छिद्रे पाडून त्याचा माग काढावा लागतो. पानांचे ठसे देणाऱ्या त्याच सिल्लेवाड्यास पुढे कोळशाची खाण झाली.

शिक्षकांनी हा पाठ पुढीलप्रमाणे घ्यावा :

१. ओल्या चिकणमातीवर पिंपळाचे पान दाबून ती वाळू द्यावी. पान काढल्यावर उरणारा ठसा मुलांना दाखवावा.

२. काचेच्या बरणीत माती, वाळू व खडी यांचे थर रचून सर्वांत जुना थर कोणता, हे मुलांकडून काढून घ्यावे.

३. गावाच्या परिसरात ठसा असलेला दगड आढळल्यास तो फोडू नये. सापडल्याचे ठिकाण व दिनांक वहीत नोंदवावा. ठिकाण हरवलेला जीवाश्म मुका होतो. त्यावरून कोणत्याही थराचा काळ सांगता येत नाही.

४. शेवटी प्रत्येक मुलाने आपल्या गावच्या भूमीसाठी एक तिकीट रेखाटावे आणि तेच चित्र का निवडले, हे दोन वाक्यांत लिहावे.