फेकण्याआधी दगड पाहा!

धुणं भिजवण्याआधी मुलांचे खिसे उलटे करून पाहायची सवय तुम्हालाही असेलच. गोट्या, चिंचोके, पेन्सिलीचं टोक आणि एखादा तरी दगड! त्यातून तुम्ही राहात्याकडच्या असाल आणि आदल्या दिवशी कोल्हारच्या भगवतीला जाऊन मुलं प्रवरेच्या पात्रात खेळली असतील, तर बघायलाच नको. "घरात काय दगड कमी आहेत?" म्हणत आपण ते खिडकीतून भिरकावतो. मीही कैक भिरकावले आहेत. आता मात्र आधी उजेडात धरून पाहते.

कारण ही प्रवरा साधी नदी नव्हे. संगमनेर, कोल्हार, नेवासे असं करत ती टोक्याला गोदावरीला मिळते. नेवासे म्हटलं की आपल्याला ज्ञानेश्वरी आठवते, पैसाचा खांब आठवतो. पण १९५४ ते ५६ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकळिया यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे उत्खनन केलं, तेव्हा मराठेशाहीपासून थेट अश्मयुगापर्यंतच्या वस्तीच्या खुणा मिळाल्या. नदीकाठच्या गोटे-वाळूच्या जुन्या थरांत तर लाखो वर्षांपूर्वीची दगडी हत्यारं होती. पुढे १९६६ ते ६९ मध्ये गुडरून कॉर्विनस या जर्मन विदुषीने नेवाशाजवळच्या चिरकी नाल्याकाठी उत्खनन करून हातकुऱ्हाडी आणि फरश्या उजेडात आणल्या. परक्या देशातली बाई आपल्या नगरी उन्हात दगड निवडत बसली, आणि आपण ते खिडकीतून फेकतो!

मग हत्यार ओळखायचं कसं? बायकांना हे शिकवायला नको. पाट्याला टाकी लावताना तुम्ही पाहिलंय ना? घाव बसतो आणि कपची उडते. अशी मोठी कपची ठोका देऊन काढली, की तिच्या आतल्या अंगाला ठोक्यापाशी जरासा फुगवटा येतो आणि त्याच्याभोवती शिंपल्यावर असतात तशा लहरी उमटतात. मूळ दगडावर तेवढीच खोलगट खाच राहते. पाण्यात आपटून फुटलेल्या दगडाचे टवके वाटेल तिथे उडालेले असतात. घडवलेल्या दगडावर मात्र ते कडेने, एकाशेजारी एक काढलेले दिसतात आणि त्यातून धार तयार झालेली असते. राहात्याचा मोठा पेरू दोन्ही अंगांनी चपटा केला तर जसा दिसेल, साधारण तशी हातकुऱ्हाड: एक टोक निमुळतं, दुसरं तळहातात बसेल असं जाड. ही बहुधा आपल्या काळ्या पाषाणाची. त्यानंतरच्या काळातल्या लहान तासण्या आणि पाती अकीक, गारगोटी अशा गुळगुळीत दगडांची. अर्थात जाणकारही कधी कधी फसतात, तेव्हा प्रत्येक दगडाला आदिमानवाचा म्हणू नका.

नेवाशाच्याच उत्खननात एका लहान मुलाच्या सांगाड्याच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली, तीन हजार वर्षांहून जुनी. मण्यांत ओवलेल्या दोऱ्याचा अंशही शिल्लक होता. कुण्या आईने ती घातली असेल! ही माळ कुठे, कशी, कुणाच्या गळ्यात होती हे जागच्या जागी नोंदलं गेलं म्हणून आज आपल्याला कळतं. नुसते मणी कुणी उचलून डब्यात टाकले असते, तर ते फक्त मणी राहिले असते.

याउलट दायमाबादचं झालं. श्रीरामपूर तालुक्यातलं हे प्रवरेकाठचं ठिकाण. १९७४ साली तिथे खणताना एका शेतकऱ्याला हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ अशी चार वजनदार काशाची शिल्पं मिळाली. देशभर गाजली. पण ती शास्त्रीय उत्खननात, ठरावीक थरात मिळाली नाहीत, म्हणून ती नेमकी कोणत्या काळची यावर विद्वानांत वाद झाला. एवढ्या मोलाच्या वस्तूची ही गत, तर खिशातल्या दगडाचं काय!

म्हणून मुलांना रागवू नका, पण शिस्त लावा. काठ उकरायचा नाही. संरक्षित स्थळावरचं तर काहीच उचलायचं नाही, तो गुन्हा आहे. वाटेत वेगळा दगड दिसला तर तो जागेवरच असताना शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून मोबाइलवर फोटो घ्या. गाव, नाला, पुलापासून किती अंतर, काठावर की पात्रात, हे त्याच दिवशी वहीत लिहा. आधीच घरी आला असेल तर मुलाला विचारून आठवेल तेवढं चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठीसकट पिशवीत ठेवा, वेगवेगळे दगड वेगवेगळ्या पिशवीत. तारेच्या घासणीने मुळीच घासू नका, धार आणि ओरखडे जातात. जुन्या वस्तू परवान्याशिवाय विकणं किंवा परदेशी पाठवणं १९७२ च्या कायद्याने मना आहे, तेव्हा "चांगले पैसे येतील" म्हणणाऱ्या भावजींना दारातूनच वाटेला लावा. फोटो आणि नोंद डेक्कन कॉलेजकडे किंवा राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे पाठवा.

उशीर मात्र करू नका. नद्यांमधून वाळू उपसून नेणारे ट्रक तुम्ही रोज पाहता. वाळूबरोबर गोट्यांचे थरही जातात, आणि कुठल्याशा बांधकामाच्या पायात पडलेली हातकुऱ्हाड कोण शोधणार?

सुट्टीत पुण्याला माहेरी गेलात तर येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात मुलांना घेऊन जा. वही बरोबर असू द्या. काचेच्या कपाटाला नाक लावून "आई, अस्साच माझ्याकडे होता, तू फेकलास!" असं कुणी ओरडलं तर माझ्यावर रागावू नका.