अल्टरनेटर पुन्हा पुन्हा जातोय? आधी अर्थिंग तपासा

जुनी पिकअप म्हणजे कित्येक घरांची रोजीरोटी. पहाटे माल भरलेला आणि गाडी सुरूच होईना, की दिवसाची कमाई गेली. नवा अल्टरनेटर बसवूनही तेच होत असेल, तर दोष अनेकदा दुसरीकडे असतो: सैल बेल्ट, गंजलेलं टर्मिनल, खराब अर्थिंग.

साधा मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. मग हेडलाइट लावून बॅटरीचं निगेटिव्ह टोक आणि इंजिनची बॉडी यांच्यात मोजा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आलं, तर अर्थिंगची वायर साफ करा किंवा बदला.

चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून चार्जिंग बघू नका. त्यानं अल्टरनेटरचे डायोड जळू शकतात.