कॅन्सरचा पेशंट घाबरला असेल, तर डॉक्टरांनी आधी काय बोलावं?

मुरूड किंवा श्रीवर्धनच्या माणसाला कॅन्सरचं निदान झालं, की परळचं टाटा हॉस्पिटल किंवा खारघरचं ॲक्ट्रेक गाठावं लागतं. खारघर रायगड जिल्ह्यातच आहे, पण किनाऱ्यावरून जाऊन-येऊन दिवस मोडतो. एवढा प्रवास करून डॉक्टरांसमोर मिळतात मोजकी मिनिटं. मनातली भीती तिथे अर्धवटच बाहेर येते, उरलेली गावातल्या डॉक्टरांपुढे.

तीही बहुतेक वेळा साध्या प्रश्नाच्या रूपात येते. समजा, एखाद्या कोळी पेशंटने विचारलं, "डॉक्टर, यंदा होडीवर जाता येईल का हो?" डॉक्टर सांगतात, केमोमुळे पांढऱ्या पेशी कमी होतात, जंतुसंसर्गाचा धोका असतो. उत्तर बरोबर आहे. पण त्याला विचारायचं होतं, घर कसं चालणार?

हे आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत कॅन्सरतज्ज्ञ आणि पेशंट यांचं बोलणं रेकॉर्ड करून केलेला एक अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. पेशंटने भीती किंवा दुःख बोलून दाखवल्यावर, त्याला पुढे बोलतं करणारा प्रतिसाद डॉक्टरांनी फक्त 22 टक्के वेळा दिला होता.

वेळ नसतो, हे कारण खरं आहे, पण पुरेसं नाही. 1999 मधल्या एका अमेरिकी प्रयोगात महिलांना डॉक्टर-पेशंट संवादाचे व्हिडिओ दाखवले होते. एका व्हिडिओत डॉक्टरांची आपुलकीची वाक्यं जास्त होती, सुमारे 40 सेकंदांची. तो पाहणाऱ्या महिलांची चिंता तुलनेने कमी झाली.

मग बोलायचं काय? "मावशी, हे ऐकून तुम्हाला धक्का बसलाय, दिसतंय मला." मग गप्प बसायचं. थोड्या वेळाने, "सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटतेय?" आपण सहज म्हणतो ते "काळजी करू नका" मायेचंच असतं, पण त्याने बोलणं तिथेच थांबतं. "पॉझिटिव्ह राहा" तर त्याहून वाईट. मग रडायलाही चोरी!

आणखी एक नेहमीचा प्रसंग. मुलगा दाराशी थांबवून म्हणतो, "आईला कॅन्सर आहे असं सांगू नका." त्याच्यावर चिडण्यात अर्थ नाही. त्याला कशाची भीती वाटते, ते आधी ऐकावं. मग आईलाच विचारावं, "तुमच्या आजाराबद्दल किती जाणून घ्यायला आवडेल?" बऱ्याचदा तिला अंदाज आलेलाच असतो.

त्रास मोजण्यासाठी 'डिस्ट्रेस थर्मामीटर' नावाची सोपी पट्टी आहे. गेल्या आठवड्यात मनाला किती त्रास झाला, हे पेशंट 0 ते 10 मध्ये सांगतो. 4 किंवा जास्त आकडा आला, तर कारण शोधायचं. ते पैसे असेल, झोप असेल किंवा नैराश्य. प्रत्येकाला मानसोपचारतज्ज्ञ लागतोच असं नाही. मात्र जगणं नकोसं झाल्याचं पेशंट बोलू लागला, तर त्याला एकटं सोडू नये आणि लगेच तज्ज्ञांकडे न्यावं. सरकारच्या टेली-मानस सेवेवर, 14416 या क्रमांकावर, कधीही मोफत आणि मराठीतून बोलता येतं. नातेवाईकांनीही फोन करायला हरकत नाही.