द्राक्षगर्भानंतरची रक्ततपासणी
पिशवी साफ झाली, मग पुन:पुन्हा रक्त कशासाठी, असे नातेवाईक आम्हांस विचारतात. आंशिक द्राक्षगर्भात एका स्त्रीबीजाशी बहुधा दोन शुक्रजंतूंचा संयोग होऊन ४६ ऐवजी ६९ गुणसूत्रे येतात. गर्भ टिकत नाही, वारेच्या पेशी मात्र वाढतात. शंभरात फार तर पाच जणींत त्या मागे राहून पुन्हा फोफावतात. अनेकदा रुग्णास काहीच जाणवत नाही. बीटा एचसीजीचा आकडा उतरायचा थांबतो अथवा चढतो, एवढीच खूण. वेळीच कळल्यास मेथोट्रेक्सेटसारख्या औषधांनी जवळजवळ सर्व रुग्ण बऱ्या होतात आणि पुढे मातृत्वही शक्य असते. तोवर मात्र गर्भधारणा टाळावी, कारण तिनेही हाच आकडा चढतो. बरे वाटते म्हणून, वा गाडीभाड्यापायी, मध्येच येणे थांबविणाऱ्या भगिनींची आम्हांस अधिक चिंता वाटते. देणगीदारांनी यंत्रसामग्रीबरोबर या तपासण्यांच्या खर्चाचाही विचार करावा, ही विनंती.