मिरचीचं बी उगवेना, तेव्हा

नंदुरबारची मिरची वर्तमानपत्रांत येते ती दसऱ्याच्या पुढे-मागे. बाजार समितीत ओल्या लाल मिरचीच्या गाड्या लागतात, शहराभोवतीच्या पथाऱ्यांवर माल वाळायला पडतो, देठ खुडणाऱ्या बायांना काम मिळतं आणि भावाच्या बातम्या सुरू होतात. या पिकाचा पहिला पेच मात्र त्याआधी चार-पाच महिने पडून गेलेला असतो आणि त्याची बातमी होत नाही. मे संपता संपता किंवा जूनच्या तोंडावर धानोऱ्यासारख्या गावात रोप टाकलं जातं. मूग पेरला तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर येतो. मिरचीचा वाफा आठवडा उलटला तरी मोकळाच दिसतो. मग शंका सुरू होतात. दुकानदारानं जुनं बी दिलं का? पाणी कमी पडलं का? दहाव्या दिवशी कुणीतरी बोटानं माती उकरतंच, आणि उगवायच्या बेतात असलेल्या बियाही त्यात मोडतात.

बहुतेक वेळा हे बी मेलेलं नसतं. त्याला हवं तेवढं तापमान मिळालेलं नसतं, किंवा हवं त्याहून जास्त मिळालेलं असतं. आणि हे तापमान हवेचं नव्हे. बी जिथे पडलं आहे, त्या जेमतेम एक सेंटिमीटर खोलीवरच्या मातीचं.

मिरची मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातली. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ती भारतात आणली. थंडी तिला सोसत नाही आणि हा स्वभाव बियातही उतरला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातले बीजशास्त्रज्ञ जेम्स हॅरिंग्टन यांनी १९५०च्या दशकात वेगवेगळ्या भाज्यांचं बी ठरावीक तापमानाच्या मातीत पेरून रोप वर यायला किती दिवस लागतात ते मोजलं. त्यांचे आकडे आजही जगभर वापरले जातात. मिरचीचा हिशेब असा : ३० अंश सेल्सिअसला साधारण आठ दिवस, २५ अंशांनाही जवळपास तेवढेच, २० अंशांना साडेबारा दिवस आणि १५ अंशांना तब्बल २५ दिवस. १० अंशांना काहीच उगवलं नाही. वरच्या टोकाला ३५ अंशांपर्यंत नऊ दिवसांत काम झालं, पण ४० अंशांना पुन्हा शून्य. म्हणजे एकाच पाकिटातलं बी एका वाफ्यात आठवड्यानं आणि दुसऱ्यात तीन आठवड्यांनी वर येऊ शकतं. बियाण्यात खोट असण्याची गरज नाही.

एवढा उशीर का, याचं उत्तर बियाच्या आत आहे. मिरचीच्या चपट्या बीमध्ये वळून बसलेला अंकुर असतो आणि त्याच्याभोवती पोषणद्रव्याचा बऱ्यापैकी कडक थर. मुळाचं टोक बाहेर पडायचं तर आधी त्याच्यासमोरचा हा थर मऊ व्हावा लागतो. पाणी शोषल्यावर अंकुरातून जिबरेलिन नावाचं संप्रेरक सुटतं, त्यातून विकरं तयार होतात आणि ती थराच्या भिंती विरघळवू लागतात. हे सारं तापमानाच्या तालावर चालतं. गारठ्यात विकरं मंदावतात, बी फुगलेलं पण बंद राहतं आणि ओल्या मातीत जितके दिवस जास्त पडून राहील तितकी बुरशीला संधी मिळते. उशिराचं खरं नुकसान हेच.

नंदुरबार जिल्ह्यात दोन्ही टोकं भेटतात. मे महिन्यात सपाटीवर पारा ४२-४३ अंशांच्या घरात जातो आणि उघड्या काळ्या मातीचा वरचा थर दुपारी त्याहूनही बराच जास्त तापतो. खरिपाचं रोप नेमकं याच दिवसांत टाकायचं असतं. उलट हिवाळ्यात सातपुड्याच्या वरच्या पट्ट्यात, अक्कलकुवा तालुक्यातल्या डाबसारख्या गावांत, दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात. सपाटीवरही डिसेंबर-जानेवारीच्या रात्री मिरचीच्या बियाला पुरेशा गार असतात. त्यामुळे उन्हाळी मिरचीसाठी तेव्हा टाकलेलं रोप रेंगाळतं. मेमधला आणि जानेवारीतला मोकळा वाफा दिसायला सारखाच, पण एकावरचा उपाय दुसऱ्याला मारक ठरतो. म्हणून आधी साधा थर्मामीटर मातीत खोचून सकाळ-दुपारचं तापमान पाहावं. औषधाच्या कुठल्याही बाटलीपेक्षा हा खर्च कमी आहे.

उन्हाळ्यात सावली हवी. वाफ्यावर शेडनेट, पेरलेल्या ओळींवर गवताचं किंवा गव्हाच्या काडाचं पातळ आच्छादन आणि झारीनं सकाळ-संध्याकाळ हलकं पाणी. ओल्या मातीतलं पाणी उडताना उष्णता घेऊन जातं, त्यामुळे आच्छादलेला ओलसर वाफा उघड्या वाफ्यापेक्षा पुष्कळ गार राहतो. पहिले कोंब दिसले की आच्छादन त्याच दिवशी, शक्यतो संध्याकाळी, काढावं. एक-दोन दिवस उशीर झाला तरी रोपं पिवळी आणि लांबट होतात.

रोपवाटिकांमध्ये कोकोपीटनं भरलेल्या ट्रेमध्ये बी टोचल्यावर ट्रे एकावर एक रचतात आणि त्यांवर काळं प्लॅस्टिक झाकतात. आत ऊब आणि ओल टिकते, मिरची साधारण सहाव्या दिवसापासून मोड दाखवू लागते आणि लगेच ट्रे पसरले जातात. पद्धत चांगली, पण ती शेडमध्ये करायची. घरच्या घरी हीच नक्कल करताना कुणी मेच्या उन्हात अंगणात झाकलेले ट्रे ठेवले, तर आतलं तापमान काही तासांत ४० अंश ओलांडतं आणि बी भाजून निघतं. हिवाळ्यात मात्र हेच प्लॅस्टिक उपयोगी पडतं. रात्री वाफ्यावर बांबूच्या कमानी करून ते अंथरावं, दिवसा बाजू उघडाव्यात. उघड्या टाकीतलं रात्रभर गारठलेलं पाणी सकाळी देण्यापेक्षा बोअरचं ताजं पाणी बरं. जमिनीच्या पोटातलं पाणी हिवाळ्यात हवेपेक्षा उबदार असतं.

तापमान ठीक असूनही बी येत नसेल, तर खोली पाहावी. मिरचीचं बी अर्धा ते एक सेंटिमीटरच्या खाली जायला नको. काळ्या जमिनीत जोरानं पाणी दिलं की वर पापडी धरते आणि कोवळा कोंब तिच्याखाली वळून बसतो. गादीवाफ्यात चाळलेलं शेणखत आणि वाळू मिसळण्याचं कारण हेच. तीन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि वीतभर उंच वाफा सांगितला जातो तो पाणी साचू नये म्हणून. बियालाही श्वास घ्यावा लागतो. चिखलात बुडालेल्या बियाला प्राणवायू मिळत नाही. न धुतलेल्या कोकोपीटमधले किंवा बोअरच्या पाण्यातले क्षारही उगवण रोखतात. ट्रेच्या कडेला पांढरी खार दिसली, तर संशय तिच्यावर घ्यावा. मुंग्या बी ओढून नेतात, ही तक्रार तर प्रत्येक गावात ऐकू येते आणि ती खरी असते.

काही वेळा बी उगवतं आणि तरी दिसत नाही. पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या बुरशी कोंब मातीबाहेर पडण्याआधीच तो कुजवतात. बाहेर आलेली रोपं जमिनीलगत बारीक होऊन कोलमडली तर रोग ओळखता येतो. आतल्या आत कुजलेलं बी मात्र ‘उगवलंच नाही’ या खात्यात जमा होतं. खात्री करायची तर वाफ्याच्या कोपऱ्यातल्या दोन-चारच बिया काढून नखानं दाबून पाहाव्यात. आत पांढरी, टणक असेल ती जिवंत असण्याची शक्यता दाट. पिचकून पाणी सुटलं, तर ती गेली. पहिल्या तऱ्हेच्या जास्त असतील तर थांबावं, दुसऱ्या तऱ्हेच्या असतील तर रोप पुन्हा टाकण्याची तयारी करावी, आणि या वेळी ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया चुकवू नये.

आता बियाण्याकडे. पथारीवरच्या मिरचीतून पडलेलं फुकटचं बी अनेकांना मोह घालतं. त्यात अडचणी दोन. बाजारात येणारी पुष्कळशी मिरची संकरित वाणांची असते, तिचं बी पुढच्या पिढीत आईसारखं निघत नाही. शिवाय उघड्यावर, तापलेल्या जमिनीवर दिवसचे दिवस पडलेल्या फळातलं बी उष्णतेनं आणि मध्येच आलेल्या अवकाळी पावसानं दुबळं झालेलं असतं. देशी, सरळ वाणाचं बी घरी धरायचं तर झाडावर पूर्ण लाल झालेली निरोगी फळं निवडावीत, सावलीत वाळवावीत आणि बी काढून काही आठवडे थांबावं. ताज्या बियात थोडी सुप्तावस्था असते. हिरव्या मिरचीतलं बी तर अजून पक्व झालेलंच नसतं.

साठवणुकीबाबत हॅरिंग्टन यांनीच एक ठोकताळा दिला आहे. बियातला ओलावा एका टक्क्यानं कमी केला की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि साठवणीचं तापमान सुमारे साडेपाच अंशांनी उतरवलं तरी दुप्पट होतं. मिरचीचं बी मुळात अल्पायुषी. कागदाच्या पुडीत, पावसाळी दमट हवेत फडताळावर राहिलेलं बी वर्षा-दोन वर्षांत निम्मं निकामी होऊ शकतं. नीट वाळवून, घट्ट झाकणाच्या बाटलीत फ्रीजमध्ये ठेवलेलं अनेक वर्षं टिकतं.

बी भिजवावं का? कोमट पाण्यात रात्रभर भिजवल्यानं एखाद-दोन दिवसांचा फायदा होतो. त्याहून जास्त वेळ बुडवून ठेवलं तर ते गुदमरतं. प्रयोगशाळांत मिरचीची सुप्तावस्था मोडायला पोटॅशियम नायट्रेटचं ०.२ टक्के द्रावण वापरतात, म्हणजे लिटरभर पाण्यात दोन ग्रॅम. ठिबकमधून सोडायचं ‘तेरा-शून्य-पंचेचाळीस’ हे खत म्हणजे पोटॅशियम नायट्रेटच, त्यामुळे ते शेतकऱ्याच्या घरात बहुधा असतंच. मात्र कंपनीच्या पाकिटातलं लाल-गुलाबी रंगाचं बी भिजवू नये. तो रंग बुरशीनाशकाच्या लेपाचा असतो आणि पाण्यात लेपच धुऊन जातो.

हौशी मंडळींचा प्रश्न थोडा वेगळा. पुण्या-मुंबईच्या गॅलरीत हल्ली भूत जोलोकिया आणि कॅरोलिना रीपर लावले जातात. भूत जोलोकियाला २००७ मध्ये गिनीज बुकानं जगातली सर्वांत तिखट मिरची म्हणून मान दिला, २०१३ मध्ये तो कॅरोलिना रीपरकडे गेला आणि २०२३ मध्ये पेपर एक्सकडे. भूत जोलोकिया आणि रीपर आपल्या ज्वाला-लवंगीच्या जातकुळीतले नाहीत. त्यांचं बी अनुकूल उबेतही दोन ते चार आठवडे घेऊ शकतं. दोष तिखटपणाचा नाही. तिखटपणा फळातल्या पांढऱ्या गाभ्यात तयार होतो, बियात नव्हे.

रानमिरच्या याहून हट्टी असतात. त्यांच्या बिया पसरवण्याचं काम पक्षी करतात, कारण पक्ष्यांना तिखट लागतच नाही. जोशुआ ट्यूक्सबरी आणि गॅरी नाभान यांनी २००१ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पक्ष्याच्या पोटातून गेलेल्या बिया उगवल्या. उंदरांसारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांनी खाल्लेल्यांतली एकही उगवली नाही.

या सगळ्या तर्कांआधी करता येण्याजोगी एक तपासणी आहे. रोप टाकण्याच्या पंधरवडाभर आधी पाकिटातल्या शंभर बिया ओल्या कागदाच्या घडीत ओळीनं मांडाव्यात, घडी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घरातल्या उबदार कोपऱ्यात ठेवावी आणि कागद ओला राखावा. बीजप्रयोगशाळेत मिरचीची पहिली मोजणी सातव्या आणि शेवटची चौदाव्या दिवशी होते. घरीही तेच वेळापत्रक पाळावं. कागदावर ऐंशी आल्या आणि वाफ्यात तीसच आल्या, तर दोष वाफ्यात. कागदावरच तीस आल्या, तर दोष पाकिटात. मग खरेदीची पावती, पाकीट, त्यावरचा टॅग आणि उरलेलं थोडं बी घेऊन तालुक्याच्या कृषी कार्यालयात लेखी तक्रार करता येते. तक्रार निवारण समिती शेतावर येऊन पंचनामा करते. वाफ्याबद्दल सल्ला हवा असेल, तर नंदुरबारजवळ कोळद्याला कृषी विज्ञान केंद्र आहे.

तक्रारीआधी टॅगवरचे आकडे मात्र वाचावेत. प्रमाणित बियाण्याची मुदत चाचणीच्या तारखेपासून नऊ महिन्यांची असते आणि भारतीय मानकांनुसार मिरचीची किमान उगवण ६० टक्के. शंभरातल्या चाळीस बिया उगवल्या नाहीत तरी कायद्याच्या नजरेत ते बियाणं पास आहे. दोन-दोन फुटांवर लावण केली तर एकराला सुमारे अकरा हजार रोपं लागतात. साठ टक्क्यांच्या हिशेबानं त्यासाठी अठरा-एकोणीस हजार बिया टाकाव्या लागतील, आणि ग्रॅममध्ये जातीप्रमाणे दीडशे ते दोनशे बिया धरल्या तर वजन होतं शंभर ग्रॅमच्या आसपास. उगवण ऐंशी टक्के निघाली तर ऐंशी ग्रॅम पुरे. लावणीनंतर नांग्या भरायला लागणारी रोपं यात धरलेली नाहीत. त्यांच्यासाठी दहावा हिस्सा वेगळा टाकावा.