पोलादी कवच आणि पायदळाचा शिपाई

दुसऱ्या महायुद्धाचा पाठ चालू असता एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले, “सर, रणगाड्यातला माणूस वाचेल, पण त्याच्यामागून चालणाऱ्या शिपायाचे काय?” प्रश्न साधा होता, तथापि त्याचे उत्तर शोधावयास सेनापतींनाही पुष्कळ काळ लागला.

पहिले ठोस उत्तर १९४४ च्या ऑगस्टात फ्रान्समधील नॉर्मंडीत मिळाले. कॅनडाचे सेनानी गाय सिमंड्स यांनी ‘प्रीस्ट’ नावाच्या चिलखती तोफगाड्यांवरील तोफा उतरविल्या आणि रिकाम्या जागेत शिपाई बसविले. ७ ऑगस्टच्या रात्री ही वाहने शत्रूच्या फळीवर चालून गेली. त्यांना ‘कांगारू’ हे नाव मिळाले. छप्पर मात्र उघडेच होते.

युद्धानंतर सैन्यांचा कल हलक्या वाहनांकडे वळला. अमेरिकेचे ‘एम-११३’ ॲल्युमिनियमचे, अवघे बारा टनांच्या आसपास. बंदुकीच्या गोळ्या ते अडवी; परंतु खांद्यावरून सुटणाऱ्या रणगाडाभेदी रॉकेटापुढे त्याचा निभाव लागत नसे.

इस्रायलने मग शत्रूकडून जिंकलेले सोव्हिएत ‘टी-५५’ रणगाडे हाती घेतले. तोफेचा फिरता बुरूज काढला. अडचण निराळीच होती. इंजिन मागे असल्याने शिपायांना गोळीबारात वरूनच उतरावे लागले असते. म्हणून मूळ इंजिन काढून लहान इंजिन आडवे बसविले व उजव्या बाजूस मागील दारापर्यंत अरुंद वाट काढली. छत्तीस टनांचा रणगाडा बुरूज जाऊनही जादा चिलखतामुळे चव्वेचाळीस टनांचा झाला! सात शिपाई आणि तिघे चालकदल नेणाऱ्या या वाहनाचे नाव ‘अखझारीत’, म्हणजे ‘क्रूर’.

मे २००४ मध्ये गाझात दोन दिवसांत दोन एम-११३ वाहने उद्ध्वस्त होऊन अकरा इस्रायली सैनिक ठार झाले. त्यानंतर ‘नामेर’च्या कामास वेग आला. याचा आधार ‘मर्कावा’ रणगाडा. त्याचे इंजिन पुढे असल्याने मागील दाराची सोय सहज झाली. वजन सुमारे साठ टन, आत नऊ शिपाई व तिघे चालकदल. २००८ पासून तो सैन्यात आला. परंतु भारी किमतीमुळे सर्वांच्या वाट्यास येईना. २० जुलै २०१४ रोजी गाझातील शुजाईया भागात जुन्या एम-११३ मध्येच सात सैनिक मृत्युमुखी पडले. त्याच भागातील घरांत राहणाऱ्या आबालवृद्धांना तर कसलेच कवच नव्हते. त्यांचेही प्राण गेले.

त्या विद्यार्थ्यास आम्ही आज एवढेच सांगू: बाळ, पायी चालणाऱ्या शिपायासाठीही रणगाड्याइतके जाड कवच घडविता येते, हे माणसाने सिद्ध केले. मात्र ते कोणाच्या वाट्यास येते आणि कोण उघड्यावर राहतो, हा तुझ्या प्रश्नाचा उरलेला अर्धा भाग अद्याप तसाच आहे.