पल्टेक : घटवून वाढवणारा इक्वलायझर

रेकॉर्डिंग स्टुडिओत ‘पल्टेक’ हे नाव आदराने घेतलं जातं. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या टीनेक या गावी यूजीन शेंक आणि ऑली समरलिन यांची ‘पल्स टेक्निक्स’ ही छोटी कंपनी होती. १९५१ मध्ये त्यांचा ‘पल्टेक’ इक्यूपी-१ हा इक्वलायझर, म्हणजे आवाजातले निवडक पट्टे कमी-जास्त करणारं यंत्र, बाजारात आला, पुढे इक्यूपी-१ए. मागणी येईल तशी ही यंत्रं हातानं जोडून दिली जात.

निळ्या पत्र्याच्या या पेटीतलं मूळ सर्किट कॉइल, कपॅसिटर आणि रेझिस्टर एवढ्यावरच चालतं. असं सर्किट आवाजात स्वतःची काही भर घालू शकत नाही, फक्त घट करू शकतं. म्हणून सुरुवातीला सगळाच आवाज सुमारे १६ डेसिबलनं खाली येतो. ‘बूस्ट’चा नॉब फिरवला की निवडलेल्या पट्ट्यातली घट तेवढी कमी होते. मागचा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर सगळी पातळी पुन्हा वर आणतो आणि तो पट्टा उठून ऐकू येतो. मला या रचनेचं फार कौतुक वाटतं.

तिची खरी करामत खर्जात आहे. इक्यूपी-१ए मध्ये २०, ३०, ६० आणि १०० हर्ट्झ असे चारच टप्पे आहेत. टप्पा निवडायचा नॉब एकच, पण वाढवायचा आणि घटवायचा नॉब वेगळा. दोन्ही एकदम फिरवले तर परिणाम शून्य व्हायला हवा, असं वाटतं. तसं होत नाही, कारण दोन्हींचे वक्र एकमेकांवर बसत नाहीत. खालचा खर्ज उचलला जातो आणि त्याच्या थोडं वर एक खळगा तयार होतो. ड्रमचा किंवा बेस गिटारचा आवाज भरदार होतो, पण गढूळ होत नाही. डग्ग्यावर हे करून पाहावं : घुमारा राहतो, बोदेपणा जातो. आकडे न बघता कानानं ठरवायची ही गोष्ट आहे.

वरच्या पट्ट्यांत ३ ते १६ किलोहर्ट्झपर्यंतचे टप्पे आहेत आणि वाढ टोकदार हवी की पसरट, यासाठी वेगळा नॉब. १० किलोहर्ट्झच्या आसपास पसरट वाढ दिली की गायकाचा श्वास जवळ येतो आणि स-श कानाला टोचत नाहीत. काही इंजिनियर तर सगळे नॉब शून्यावर ठेवूनही गाणं यातून नेतात. ट्रान्सफॉर्मर आणि व्हॉल्व्ह यांचा हलका रंग त्यांना हवा असतो.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मूळ कंपनी बंद पडली. आज पल्टेकच्या सॉफ्टवेअर नकला मुंबई-पुण्याच्या स्टुडिओंतही सहज उघडल्या जातात. संगणकावर कितीही टप्पे देता आले असते, तरी त्यांतल्या बहुतेकांनी खर्जाचे तेच चार ठेवले आहेत. ४५ हर्ट्झ हवा असेल तर ३० आणि ६० दोन्ही ऐकून एक निवडावा लागतो. माझ्या मते हेच योग्य आहे.